बारा किल्ल्यांचा सरदार

“अपने बारह किल्ले हैं जी,” सरदारजी म्हणाले आणि माझा पराठ्याचा घास हातातच राहिला. आपल्याकडे एक किल्ला राखणाऱ्याचंही नाव इतिहासात राहतं; इथे समोर बसलेला माणूस लस्सीच्या मिशा पुसत बारा सांगत होता. उलगडा व्हायला दोन मिनिटं लागली. पंजाबात किल्ला म्हणजे एकर. आठ कनालांचा एक किल्ला, पंचवीस किल्ल्यांचा एक मुरब्बा. म्हणजे हे बारा एकरांचे धनी. तरी पाण्याखालची, सपाट, ढेकूळही न दिसणारी बारा एकरं! आमच्या परभणीकडच्या माणसाला ते किल्ल्याहून कमी नाही.

मी आलो होतो घुमानला, नामदेवांसाठी. नांदेडला सचखंड एक्सप्रेस धरली, वाटेत सेवेकऱ्यांनी डब्यात आणून दिलेला लंगर खाल्ला, दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसर. घुमान तिथून बटाल्याच्या बाजूला, गुरदासपूर जिल्ह्यात. २०१५ साली तिथे आपलं साहित्य संमेलन भरलं तेव्हा जाणं जमलं नव्हतं. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यामुळे “महाराष्ट्रातून आलो” म्हटलं की चहा नक्की. मला तर ओळखीच्या ओळखीतून शेजारच्या गावात दोन दिवसांचा मुक्कामच मिळाला.

पहिल्याच संध्याकाळी सरदारजींच्या वडिलांनी बाजेवर बसवून विचारलं, “तुसी कौण हुंदे ओ?” मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, नोकरी सांगितली. म्हातारबाबा मान हलवत राहिले. त्यांना हवं होतं ते वेगळंच. शेवटी सरदारजींनी सोपं केलं: “बापूजी जात विचारताहेत. आम्ही जट्ट, आणि गोत बाजवा.” जट्ट ही इथली जमीन कसणारी जात, आणि गोत म्हणजे तिच्यातलं कूळ. मला एकदम आजी आठवली. आमच्या वाड्यावर कुणीही नवा माणूस आला की ती पाणी देता देता “देवक कोणतं रे बाबा?” असं विचारायची. हजार मैलांवर तोच प्रश्न, तोच सहजपणा.

मग रात्री उशिरापर्यंत गोतांचा तास चालला. संधू, सिद्धू, गिल, ढिल्लों, मान, ग्रेवाल, धालीवाल, विर्क, औलख… बोटं संपली, यादी नाही. आपल्याकडे एका देवकात सोयरीक होत नाही, तसं इथे एका गोतात नाही. जुन्या लोकांचा हिशेब आणखी कडक: स्वतःचं गोत, आईचं, वडिलांच्या आईचं आणि आईच्या आईचं, असे चार टाळायचे. सरदारजींचा मुलगा कॅनडात ट्रक चालवतो. मुलगी पसंत पडली, पण ती निघाली गिल आणि म्हातारबाबांच्या घरच्या आजी गिलांच्याच. दोन महिने घरात अबोला होता म्हणे. शेवटी आजीच म्हणाल्या, माझं गोत मी इथे आले तेव्हाच संपलं, करा लग्न.

आडनावावरून मात्र गोत कळेलच असं नाही. प्रकाशसिंग बादल गोताने ढिल्लों. बादल हे गाव. मजिठिया घराणं शेरगिल. चित्रकार अमृता शेरगिल त्याच घराण्यातली. पतियाळा, नाभा आणि जींद ही तिन्ही संस्थानं सिद्धूंची. कितीतरी लोक नुसते ‘सिंग’ आणि ‘कौर’ लावून थांबतात, आणि १६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला खालसा उभा राहिला तो जात पुसण्यासाठीच. पण पुसलेलं खोडरबराच्या डागासारखं खाली दिसत राहतं.

सरदारजींच्या पत्नी, बीबीजी, माहेरच्या रंधावा. त्यांनी बजावलं, परत जाताना वाटेवरच्या कत्थूनंगल गावी उतरायचंच, “साडे”, म्हणजे आमचे, “बाबा बुड्ढाजी” तिथले. १५०६ साली जन्मलेले, रंधावा गोताचे. लहानपणीच इतकं शहाणपणाचं बोलले की गुरू नानकांनी ‘बुड्ढा’ म्हटलं, असं सांगतात. पुढे १६०४ मध्ये हरमंदिर साहिबचे, म्हणजे सुवर्णमंदिराचे, पहिले ग्रंथी (ग्रंथसाहिब वाचणारे) झाले. सगळ्या पंथाचे बाबा, पण बीबीजींच्या आवाजात ‘साडे’वर जरा जास्तच जोर होता. माहेरचं माणूस ते!

मी नांदेडचं नाव काढल्यावर म्हातारबाबा खुलले. १७०८ मध्ये गोदाकाठी गुरू गोविंदसिंगांना भेटलेला बैरागी माधोदास, तोच बंदासिंग बहादूर. त्याने दोन वर्षांत मोगलांचं सरहिंद शहर घेतलं आणि कसणाऱ्यांना जमिनीचे मालक केलं. त्यांच्या मते जट्टांचं नशीब तिथून फिरलं. पुढच्या मिसलींचे, म्हणजे शिखांच्या लढाऊ जथ्यांचे, पुष्कळ सरदारही जट्टच. सगळे नव्हेत: जस्सासिंग रामगढिया सुतारांतले, अहलुवालिया कलालांतले. हे मी म्हटल्यावर बाबांनी हुक्का नसलेल्या हाताने हवेत काहीतरी झटकलं. अलीकडच्या सत्तेचं गणितही जट्टांच्याच बाजूचं. १९७७ पासून २०२१ मध्ये दलित समाजातले चरणजितसिंग चन्नी येईपर्यंत पंजाबचा एकही शीख मुख्यमंत्री जट्टेतर झाला नाही. आणि २०११ च्या जनगणनेत राज्यात दलित जवळजवळ ३२ टक्के.

निघताना त्यांच्या शेतावर काम करणाऱ्या तरुणाने मोटरसायकलवर बस-अड्ड्याला सोडलं. पगडी, कडं, सगळं सरदारजींसारखंच. गावाबाहेर पडताना एक छोटा गुरुद्वारा दिसला. मोठ्यात तर मी कालच माथा टेकून आलो होतो. “हा दुसरा कुणाचा?”

“आमचा. मजहबी लोकांचा.” मजहबी म्हणजे दलित शीख.

दोन दिवसांत मलाही खोड लागली होती. विचारून बसलो, “गोत?”

“गिल.”

“अरे! आजीही गिलच ना?”

तो मोठ्याने हसला. “गिल दोन्हीकडे असतात जी,” म्हणाला आणि त्याने गाडी आणखी पळवली, कारण बटाल्याची बस समोरून सुटत होती.