मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर तेच, तास वेगळे

मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ, सरळ अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को करत अटलांटिकमध्ये शिरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला की खरी वाट दिसते. दोरा कंदाहारच्या बाजूने वर चढतो, अरल समुद्राच्या पश्चिमेने सेंट पीटर्सबर्गजवळ जातो, आइसलँड ओलांडतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून कॅनडात उतरतो. सर्वांत जवळची वाट ही!

पण आकाशालाही हद्दी असतात. युक्रेनचं आकाश २०२२ पासून बंद आहे, पाकिस्तानचं भारतीय विमानांना एप्रिल २०२५ पासून. म्हणून जानेवारीत आई आणि मी निघालो तेव्हा विमानाने आधी अरबी समुद्र धरला. मग आखात, तुर्कस्तान आणि पुढे युरोप. किलोमीटर वाढले ते इथे.

तास वाढवले वाऱ्याने. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो आणि हिवाळ्यात त्याला जास्तच जोर असतो. समोरच्या पडद्यावर वेग ताशी आठशेच्या आसपास रेंगाळत होता. वर आमची दिशाही पश्चिमेची, म्हणजे रात्रीच्या मागोमाग. मध्यरात्रीनंतर सहारहून उडालो आणि जवळजवळ सोळा तास अंधारच. “अगं, अजून उजाडलं कसं नाही?” आईने अटलांटिकवर विचारलं. तिला पडद्यावरचा नकाशा दाखवला, तर पुढचा तासभर ती तोच बघत बसली. उजाडलं ते न्यूयॉर्कला उतरताना.

परतीला तेच विमानतळ, पण चौदाच तास. अटलांटिकवरच्या विमानांच्या वाटा वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखतात: पूर्वेला जाणाऱ्यांना जेट स्ट्रीमचा फायदा मिळावा, पश्चिमेला जाणाऱ्यांना तो टाळता यावा अशा बेताने. येताना पडद्यावर हजाराच्या वरचे आकडे बघून मला फार आनंद झाला. दुपारी निघालो आणि दोन-तीन तासांतच अंधार पडला. तुर्कस्तानच्या पुढे लख्ख ऊन होतं.

एअर इंडियाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जायला लागलं १४ मे १९६० पासून, तेही लंडनमार्गे. मुंबईहून विनाथांबा उड्डाण सुरू झालं १ ऑगस्ट २००७ रोजी. आईच्या वयाच्या माणसाला मध्यरात्री परक्या विमानतळावर टर्मिनल बदलावं लागत नाही, हे मला या विनाथांबा उड्डाणाचं सगळ्यात मोठं देणं वाटतं.

आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर चार पैसे जास्त पडले तरी थेट विमानच घ्या. जातानाचा प्रवास लांबचा, त्यामुळे त्या वेळी त्यांना खिडकीपेक्षा कडेची जागा बरी; उठून फिरता येतं. पायांना सूज येते, तेव्हा चपला सैल घाला आणि पाणी मागून घ्यायला संकोच करू नका.