तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या ड्राइव्हला चालेल अशी फ्लॉपी

"एक्सटीच्या ३६० केबी ड्राइव्हला चालणाऱ्या फ्लॉप्या मिळतात कुठे?" असं विचारणारे बहुतेक जण उत्तर ऐकायच्या आतच पुढचं विचारतात, "त्यापेक्षा गोटेक का नाही बसवत?" एक्सटी म्हणजे ऐंशीच्या दशकातला आयबीएम पीसी-एक्सटी जातीचा संगणक, आणि गोटेक म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारी पेटी. गोटेकला माझा विरोध नाही. पेन ड्राइव्हवरची फाइल तो मशीनपुढे फ्लॉपी म्हणून ठेवतो, आणि उत्तम ठेवतो. पण तुमच्या कपाटातली सव्वापाच इंची फ्लॉपी त्यात घालता येत नाही. ती वाचायला खरा ड्राइव्ह लागतो, आणि तो ड्राइव्ह धड आहे का हे बघायला भरवशाची फ्लॉपी लागते. याला हट्ट म्हणायचं असेल तर म्हणा.

दुकानाचं नाव सांगून भागत नाही. मिळतो तो सगळा जुना साठा: लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या माळ्यावरचा, पुण्याच्या जुन्या बाजारातला, बंद पडलेल्या डीटीपी सेंटरमधला. सीलबंद डब्यावर भुलू नका. आपल्या दमट हवेत बुरशी त्यातही धरते. लेबल वाचा. डीएस/डीडी किंवा २डी (दोन्ही बाजूंची, दुप्पट घनतेची), ४८ टीपीआय (इंचाला ४८ ट्रॅक) असेल तर घ्या. ९६ टीपीआय दिसलं की लोक फ्लॉपी बाजूला टाकतात, पण सोबत डीडी छापलेलं असेल तर तीही ३०० ओर्स्टेडच्याच जातीची (ओर्स्टेड म्हणजे थरावर लिहायला लागणाऱ्या चुंबकीय जोराचं माप), खुशाल वापरा. एचडी (जास्त घनतेची, १.२ एमबीची) मात्र नको. तिला सुमारे ६०० ओर्स्टेड लागतात आणि जुन्या ड्राइव्हचं हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, तेवढा जोर लावत नाही. फॉरमॅट झाल्यासारखा वाटतो, मग सेक्टर (माहितीचे कप्पे) गळायला लागतात. लेबल नसेल तर मधल्या भोकाभोवती पाहा. डीडीला बहुधा मजबुतीची कडी असते, एचडीला नसते.

आता ज्याचं मला खरं दुःख आहे ते. धडधाकट डीडी फ्लॉप्या कचऱ्यात जातात त्या एका गैरसमजामुळे. एक्सटीसाठीची फाइल दुसऱ्या मशीनवर असते, म्हणून लोक फ्लॉपी एटीच्या (एक्सटीनंतरच्या आयबीएम पीसीच्या) १.२ एमबी ड्राइव्हमध्ये घालतात, ३६० केबीसाठीचा 'फॉरमॅट ए: /४' मारतात, फाइल चढवतात. एटीवर सगळं वाचलं जातं. एक्सटीत घातली की 'ॲबॉर्ट, रीट्राय, फेल'. फ्लॉपी गेली, असा निकाल लागतो. ती गेलेली नसते. एटीचं हेड सुमारे ०.१६ मिमी रुंद पट्टी लिहितं, एक्सटीचं ०.३३ मिमी. फ्लॉपी आधी एक्सटीत लिहिलेली असेल तर नव्या अरुंद पट्टीच्या कडेला जुन्या रुंद पट्टीचा अवशेष उरतो. एटीला तो दिसत नाही. एक्सटीचं रुंद हेड मात्र नवं-जुनं एकदमच उचलतं. एटीवर कितीदाही फॉरमॅट मारा, कडेचं तसंच राहतं, कारण फॉरमॅटही त्याच अरुंद हेडाने होतो.

उपाय म्हणजे विजेवर चालणारा बल्क इरेजर, अख्खी फ्लॉपी एकदम पुसणारा चुंबक. फ्लॉपीवर गोल गोल फिरवायचा आणि चालू असतानाच हळूहळू हातभर दूर न्यायचा. जवळ असताना बंद केला तर शेवटचा झटका चकतीवर उमटतो. मग एटीवर फॉरमॅट करून लिहा. पुढे एक्सटीने तिच्यावर काही लिहिलं, तर एटीवर पुन्हा लिहिण्याआधी परत पुसा. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे फाइल सीरियल केबलने एक्सटीत नेणं आणि फ्लॉपी तिथेच लिहिणं.

ड्राइव्हमध्ये घालण्याआधी चकती मधल्या भोकातून बोटांनी फिरवा आणि खिडकीतून तिरप्या उजेडात बघा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी, गोल चरे म्हणजे खरवडलेला थर. ड्राइव्ह किंचाळला तर त्याच क्षणी खटका उघडा. सुटलेला थर हेडला चिकटतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडतो. हेड ९९ टक्के आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसा, पण वरचं हेड नाजूक स्प्रिंगवर असतं, ते रेटू नका. बुरशीची चकतीही त्यानेच पुसता येते: कव्हरची वरची कड चिरून बाहेर काढा, पुसा, वाळवा, स्वच्छ कव्हरात त्याच बाजूने घाला. उलटी बसली तर वाचली जाणार नाही.

साडेतीन इंचीबद्दलही विचारता: १.४४ एमबीच्या फ्लॉपीचं, ती एचडी आहे हे ड्राइव्हला सांगणारं, कोपऱ्यातलं भोक चिकटपट्टीने बुजवून ७२० केबी करावी का? पूर्वी मी सरळ नाही म्हणायचो. पण तिथे डीडी आणि एचडीच्या ओर्स्टेडमधला फरक थोडा आहे, सव्वापाचसारखा दुप्पट नाही, आणि पुष्कळदा चालतंही. जुन्या ७२० केबी ड्राइव्हला बहुधा ते भोक ओळखताच येत नाही; पट्टी लागते ती पुढे १.४४ च्या ड्राइव्हमध्ये तीच फ्लॉपी वाचायची असेल तर. ज्यांच्याकडे दुसरं काहीच नाही त्यांना 'नको' म्हणणं आता जड जातं. तरी एकमेव प्रत तिच्यावर ठेवा असं मी सांगणार नाही. आधी बल्क इरेजरने पुसा, मग फॉरमॅट मारा. डॉसच्या चेकडिस्क आज्ञेत एकूण ७,३०,११२ बाइट आणि तितकेच मोकळे दिसले, तर फाइल चढवा आणि आठवड्याने पुन्हा वाचून बघा.