सीलबंद डब्यातले दोन लिटर

महासागर ओलांडणाऱ्या शर्यतीच्या नौकेवर मी काम करतो आणि पिण्याच्या पाण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. लातूरला आमच्या नातेवाइकांना ही नोकरी चैनीची वाटते. प्रत्यक्षात चार तासांची पाळी संपवून खाली आलेला माणूस दुसऱ्याच्या घामाने ओल्या झालेल्या बंकवर आडवा होतो, भांडी समुद्राच्या पाण्याने धुतली जातात आणि अंगावर मिठाने फोड येतात. जेवणसुद्धा कोरड्या भुकटीच्या पाकिटांचे असते, त्यामुळे गोडे पाणी संपले तर अन्नही संपल्यात जमा असते.

ते पाणी वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र, तयार करतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ते मागे ठेवण्यासाठी पाणी 55 बारच्या आसपास दाबाने, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ पंचवीस पट दाबाने, मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्यातून, ढकलावे लागते. आमच्या नौकेत समुद्राचे पाणी आत घेणारे तोंड उजव्या बाजूला आहे. उत्तर अटलांटिकमध्ये ईशान्य व्यापारी वारे उजवीकडून लागले, की नौका डावीकडे कलते, ते तोंड पाण्याबाहेर येते आणि पंप हवा ओढू लागतो. तेव्हा नौका सरळ करा, म्हणजेच वेग सोडा, असे स्किपरला, म्हणजे नौकेच्या कप्तानाला, सांगावे लागते. ही अडचण मी पहिल्या सफरीपासून लेखी कळवत आलो आहे.

या वेळी मात्र केपटाऊनहून उत्तरेकडे येताना बिघाड त्याआधीच, विषुववृत्ताजवळ झाला. पंपाचे तेल तपासायला झाकण उघडले, तर ते दुधासारखे पांढरे झाले होते. याचा अर्थ पंपातले पाणी अडवणारे सील फाटून खारे पाणी तेलात शिरले होते. सीलचा सुटा संच तळहातावर मावतो, परंतु वजन वाचवण्यासाठी किनाऱ्यावरच्या व्यवस्थापनाने तो यादीतून काढला होता. वजनाचा हिशेब पाण्याच्या सामानापासून सुरू करणाऱ्यांनी विषुववृत्ताजवळच्या वारा पडलेल्या पट्ट्यात एक दुपार नौकेच्या पोटात काढून पाहावी, असे मला आजही तीव्रतेने वाटते.

स्किपरने स्वयंपाक धरून माणशी दिवसाला दोन लिटर पाणी ठरवले, सर्वांना सारखे. मी तेव्हाच म्हटले होते, की सुकाणूवर बसणारा आणि नाळेकडच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, बंदिस्त खोलीत भिजलेली जड शिडे घडी करणारा यांचा घाम सारखा नसतो. सारखे वाटप केले की वाद होत नाहीत, एवढेच उत्तर मिळाले.

त्या पट्ट्यात ढग अचानक येतात आणि त्यांच्याबरोबर पाऊस येतो. बूमचे, म्हणजे मोठ्या शिडाखालच्या आडव्या दांड्याचे, मागचे टोक वर उचलले, की मोठ्या शिडावरचे पाणी घरंगळत डोलकाठीच्या बुंध्याशी येते आणि तिथे बादली लावता येते. सुरुवातीचे पाणी शिडावरच्या मिठामुळे खारट असते, ते चाखून सोडून द्यावे लागते. मुंबईत बांधलेल्या 'सुहेली' या नौकेतून 1968-69 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा टाक्यांतले पाणी खराब झाल्यावर त्यांनीही शिडावरचा पाऊसच धरला होता. आमची पंचाईत अशी, की ढगाबरोबर वाराही येतो आणि प्रत्येकाला त्या वाऱ्यावर नौका पळवायची असते. बादल्या धरायला मला दोन माणसे मागून घ्यावी लागत.

अशाच एका पावसानंतर मी आणीबाणीच्या पाण्याचे डबे तपासायला नाळेकडे गेलो. डब्यांच्या सीलच्या पट्टीवरचा क्रमांक मी नेहमी बाहेरच्या बाजूला ठेवतो. एका डब्यावर तो भिंतीकडे वळलेला होता, पट्टी कापून पुन्हा अडकवलेली होती आणि आतले पाणी सुमारे दोन लिटरने कमी होते. आदल्या पाळीत तिथे एकच मुलगा शिडे आवरत होता, आमच्यातला सर्वांत लहान. संध्याकाळी त्याने आपल्या वाट्याची कॉफी दुसऱ्याला दिली, तेव्हा मला उरलीसुरली शंका राहिली नाही.

डब्याचे सील तुटल्याचे मी स्किपरला लगेच सांगितले, कारण आमच्या शर्यतीच्या नियमानुसार ते समितीला कळवावेच लागते. नाव मात्र सांगितले नाही. सर्वांना एकत्र बोलावून विचारणा झाली, कोणी बोलले नाही. शेवटी वेळेचा दंड बसला आणि आमचा एक क्रमांक खाली गेला.

सुट्टीत घरी आल्यावर हे मी दादाला सांगितले. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, त्या उन्हाळ्यात दादा आमच्या गल्लीत टँकरवर लोकांचे नंबर लावून पाणी वाटत असे. माझे बोलणे त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाला, "मी एखाद्या बाईला एक घागर जास्त दिली असती, तर मागच्या रांगेनं मला तिथंच धरलं असतं. तुझ्या रांगेला तर कुणी नेलं तेबी कळलं नाही. दंड मात्र समद्यांनी भरला."

"दादा, ते पोरगं त्या खोलीत चक्कर येऊन पडलं असतं तर?" मी विचारले.

"मग त्यानं मागायचं व्हतं. अन् तू द्यायचं व्हतंस, समद्यांसमोर."

दादाचे दुसरे वाक्य मला मान्य आहे. नावाबाबत मात्र त्याचे म्हणणे मला अजून पटलेले नाही, कारण नाव सांगितले असते तर त्या मुलाला पुढच्याच बंदरात उतरवले असते आणि सारख्या वाटपाचा नियम तसाच राहिला असता. पुढच्या टप्प्याआधी मी स्किपरकडे लेखी मागणी केली आहे: पाणी आत घेणारे तोंड दोन्ही बाजूंना असावे, पंपाच्या सीलचे दोन संच नौकेवर असावेत आणि टंचाईत नाळेकडच्या खोलीत काम करणाऱ्याला एक लिटर जास्त मिळावे, तेही सर्वांसमोर वहीत लिहून. पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या आहेत. तिसरीवर पुढच्या बैठकीत चर्चा होणार आहे आणि तिथे बोलताना मी दादाचे वाक्य वापरणार आहे.