बाणस्तारीच्या पुलावर मी काय बघते

पावसाळ्यात गोव्यातल्या बाणस्तारीच्या पुलावर मला छत्री घेऊन उभी असलेली पाहिलं की बसमधली ओळखीची माणसं नंतर हमखास विचारतात, "बाई, पुलावर काय बघत होता?" बार्ज, म्हणजे नदीतून खनिज वाहणारी मोठी होडी, बघत होते म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "बार्जीत बघण्यासारखं काय असतं?" आणि हल्ली त्याच्या पाठोपाठ तिसरा, जरा आवाज उतरवून, "म्हणजे तुम्ही खाणींच्या बाजूच्या का?" रस्त्यात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

माझे बाबा बार्जीवर मास्टर होते. सुकाणू धरतो तो मास्टर, इंजिन सांभाळतो तो ड्रायव्हर, आणि बाकी खलाशी. खाणींतलं लोखंडाचं खनिज मांडवीवरच्या सारमानससारख्या वरच्या धक्क्यांवर भरायचं आणि मुरगाव बंदरात नेऊन रिकामं करायचं, हा त्यांचा धंदा. उन्हाळ्यात रस्ता सरळ असतो. मांडवीतून पणजीवरून खाली उतरायचं, आग्वादचा किल्ला उजवीकडे ठेवून समुद्रात शिरायचं आणि वळसा घालून मुरगाव गाठायचं. पण जून लागला की मांडवीच्या मुखाशी वाळूच्या उथळ पट्ट्यावर लाटा फुटायला लागतात आणि तो रस्ता बंद होतो. मग बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यात वळतात. हा कालवा मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना आतल्या आत जोडतो. जुवारीचं मुख मुरगावच्या डोंगराच्या आडोशाला असल्यामुळे भर पावसातही बंदरापर्यंत पोचता येतं. बाणस्तारीचा पूल याच कालव्यावर आहे. बार्ज बघायला मी पावसातच का उभी राहते, ते आता कळलं असेल.

मी दहा वर्षांची असताना ऑगस्टमधल्या एका रविवारी बाबांनी मला बरोबर नेलं. भरलेली बार्ज होती. मध्ये लाल मातीचे ओले ढीग, मागे केबिन, आणि दोन्ही बाजूंना पाणी इतकं जवळ की काठावर बसले असते तर पाय बुडाले असते. कालव्याच्या तोंडाशी बाबांनी वेग कमी केला. एक खलाशी खुणा केलेला बांबू घेऊन पुढच्या टोकाला गेला. बांबू पाण्यात सोडायचा, तळाला टेकला की हात वर करून ओरडायचं, पुन्हा काढायचा, पुन्हा सोडायचा. बांबूला लागलेला काळा चिखल पावसाने धुऊन निघायच्या आत तो परत खाली गेलेला असायचा. भरलेल्या बार्जीला तरंगत जायला सुमारे तीन मीटर पाणी लागतं. तेवढं पाणी भरतीला मिळतं, आणि तेही कालव्याच्या मध्यावर. वळणावर गाळ एका बाजूला साचतो आणि खोल पाणी दुसऱ्या बाजूने जातं.

मी विचारलं, "बाबा, पाणी तर सगळीकडे सारखंच दिसतं, तुम्हाला कसं कळतं?" ते म्हणाले, "भरलेली बार्ज गाळाला अडते, रिकामी पुलाला अडते. दोन्हींच्या मधून जायला शिकायचं." त्या वयात मला ते कोडं वाटलं. खरं तर हिशेब साधा आहे. माल भरलेला असताना बार्ज खोल बसते, म्हणून तिला भरती हवी. मुरगावला रिकामी झाली की ती वर उचलली जाते आणि भरतीला पुलाखालून जाताना केबिन घासायची भीती असते, म्हणून परतताना पाणी थोडं उतरू द्यायचं. दिवसभरात पाणी दीड-दोन मीटर चढतं आणि उतरतं. एवढ्या फरकात बाबांनी नोकरी काढली.

बार्जीत बघण्यासारखं काय असतं, त्याचं हे उत्तर. पृष्ठभागावरून नदी कधीच कळत नाही. होडीचा आकार, तिचं बसणं, ती कोणत्या काठाने जाते आणि कुठे थांबून राहते, यावरून कळते. बार्जीचा तळ सपाट आहे तो कालवा उथळ म्हणून. केबिन बुटकी आहे ती पूल ठेंगणे म्हणून. दर वर्षी गणेशचतुर्थीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड होतो. दोन होड्या एकमेकींना बांधून त्यांच्यावर देखावे उभे करतात. एकटी होडी अरुंद असते, वर उभं काही पेलत नाही, दोन जोडल्या की स्थिर होतात. आपण रोज "सांगड घालणे" म्हणतो, त्यातली सांगड हीच. मुलांना हा वाक्प्रचार शिकवताना मी फळ्यावर दोन होड्या काढायची.

बांधणीबद्दलही सांगायला हवं, कारण इथे जहाजं नुसती चालत नाहीत, जन्मतातही. वास्कोचा गोवा शिपयार्ड 1957 मध्ये पोर्तुगीज काळात सुरू झाला, तो सर्वांना माहीत असतो. पण दिवाडी बेटावरच्या एका छोट्या कारखान्यात, लाकडाच्या पट्ट्यांवर काचतंतूचं आवरण चढवून 'म्हादई' ही शिडाची नौका तयार झाली, हे माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगावं लागतं. तिच्यावरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी त्याच नौकेवरून कुठेही न थांबता फिरून आले. मांडवीला वरच्या अंगाला म्हादईच म्हणतात. आमच्या नदीचं नाव लावून एक नौका दक्षिण गोलार्धातल्या लाटांतून गेली, याचा मला फार अभिमान आहे. 2025 मध्ये तर गोव्यातच 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज पाण्यात उतरलं. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून घडवलेलं, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा नाही.

आता तिसरा प्रश्न. नाही, मी खाणींची वकिली करत नाही. ज्या लाल मातीने बाबांनी घर चालवलं, तीच पावसात डोंगरावरून वाहून लोकांच्या शेतात बसली. बार्जींच्या लाटांनी खाजनाचे, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांचे, बांध खचतात ही काठावरच्या शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं भात येत नाही. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने परत थांबल्या. त्या काळात बार्जी काठाला ओळीने गंजत उभ्या होत्या, काही भंगारात तुटल्या. शेजारच्या घरांतले तिशीतले मुलगे मास्टरचं लायसन्स कपाटात ठेवून दुसऱ्याच्या टॅक्सीवर बसले. मला दोघांचंही दुःख दिसतं, शेतकऱ्याचंही आणि खलाशाचंही, आणि एकाचं सांगताना दुसऱ्याचं लपवायला मी तयार नाही. खनिज संपेल तेव्हा संपेल. पण या कालव्याचं खोल पाणी कोणत्या काठाने जातं, हे ज्यांना हाताने ठाऊक आहे अशी माणसं आपण फुकट घालवतोय, हे मला सहन होत नाही. प्रवासी असोत, तांदूळ असो की वाळूचे ट्रक, उद्या नदीवरून काही न्यायचं झालं तर विचारायचं कोणाला?

काही खाणी आता पुन्हा चालू आहेत, बार्जीही थोड्या दिसतात. पूर्वीसारखी रांग नाही. एखादी दिसते, मग अर्धा दिवस काही नाही.

म्हणून मी अंदाज बांधून जाते. बाबांनी शिकवलेलं गणित आहे: तिथीची पाऊणपट केली की मुखाशी पूर्ण भरतीची वेळ येते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, अष्टमीला सहा. कालव्यात पाणी आतपर्यंत चढायला आणखी थोडा वेळ धरायचा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तिथीशेजारी पेन्सिलीने आकडे लिहिलेले दिसतील, ते तेच. येत्या पंचमीला पाचची पाऊणपट पावणेचार होते. यायचं असेल तर साडेचारच्या आधी या, आणि पुलाच्या मांडवीकडच्या कठड्याला उभे राहा. भरलेली बार्ज तिकडूनच येते.