शर्यतीतला पवन, आमच्या पडवीत

पवन मालवणात उतरला तेव्हा आईने त्याला एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "ह्येका कोणी खावक घालूक नाय काय?" बरगड्या दिसत होत्या खऱ्या, पण ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्याच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात, हे तिला पटवता पटवता माझी दमछाक झाली. तोवर चोरून बांगडे घालणं चालूच होतं.

तो घाटावरचा. सांगलीकडच्या श्वानशर्यतींत पळायचा. मागच्या पायाचा घोटा दुखावला आणि मालकाला नकोसा झाला. वय चार वर्षं, पण घर आतून कधी पाहिलेलं नाही.

पहिली अडचण लाद्यांची. गुळगुळीत फरशीवर चार पाय चार दिशांना जायचे, म्हणून हा उंबऱ्यातच थिजलेला. शेवटी पडवीपासून स्वयंपाकघरापर्यंत गोणपाटांची वाट अंथरली. पंखा लावला की पोट जमिनीला. जिना शिकवताना पुढचे पाय मी उचलून ठेवायचो, मग मागचे. रोज पाचच पायऱ्या.

तिसऱ्या रात्री चुकलो मी. तो डोळे अर्धे उघडे ठेवून झोपतो. जागा आहे असं समजून पाठीवर हात ठेवला, तर मनगटाला दात लागले. सकाळी मुकाट्याने जाऊन लस टोचून घेतली. एकटं बांधून वाढवलेल्या कुत्र्याला झोपेत कोण हात लावणार? तेव्हापासून आधी हाक मारायची, त्याने मान वर केली की मगच जवळ जायचं.

मग एस.टी. स्टँडपाशी हॉर्न वाजला आणि हा मागे सरकत गळपट्ट्यातून सुटला. ह्या जातीची मान डोक्याहून जाड, साधा पट्टा टिकतच नाही. ताशी साठ किलोमीटरने पळणारं जनावर पुढे आणि मी लुंगी सावरत मागे! तासाभराने सापडला तो किनाऱ्यावर, रापणीच्या जाळ्यावर आडवा पडलेला, जीभ बाहेर. ही जात जोर लावते ती थोड्या अंतरापुरतीच. चांभाराकडून रुंद पट्टा करून घेतला, मागे ओढला तर मानेभोवती नीट बसणारा, गळा न दाबणारा.

पावसाळा कठीणच गेला. अंगात चरबी नाही, केस आखूड. जुलैत माझा जुना स्वेटर घालून ओटीवर कुडकुडत बसायचा. गोचिड्या रोज पाहाव्या लागत.

पण खरी परीक्षा शेजारच्या काकींच्या कोंबड्यांची. आयुष्यभर पळणाऱ्या वस्तूच्या मागे धावायला शिकवलेलं कुत्रं ते! दोन महिने तोंडाला मुसकं, हातात दोरी आणि खिशात सुकट. कोंबडी खळ्याच्या पार टोकाला असतानाच सुरुवात करायची. तो तिच्याकडे बघून परत माझ्याकडे बघेल त्या क्षणी मुसक्याच्या फटीतून चिमूटभर सुकट. घाई केली की सगळं ओम्फस. एकदा मी चार हात आधीच पुढे गेलो आणि काकींच्या तलंगीची शेपटी गेली. पैसे दिले, शिव्याही खाल्ल्या.

आता कोंबडा गडग्यावरून उतरून अगदी गोणपाटाजवळून जातो. पवनची मांडी थरथरते, कान उभे राहतात, मग मान वळते माझ्याकडे. दोरी मी अजून सोडलेली नाही. आई आतूनच ओरडते, "गेलो बघ कोंबडो, सुकट दी तेका!"