त्येरचा चाकू पाठीकडून बघा

फ्रान्समधल्या ऑव्हेर्न्य भागातले विझलेले ज्वालामुखी पाहिले, क्लेर्मों-फेराँचं काळ्या दगडाचं कॅथेड्रल पाहिलं. त्यावर भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते त्येरबद्दल.

त्येर म्हणजे फ्रान्समधलं चाकूंचं गाव. द्युरोल नदीच्या कडेला उभ्या चढावर वसलेलं, मध्ययुगापासून याच धंद्यावर जगलेलं. ‘कुतेलिया’ हे चाकूंचं मोठं प्रदर्शन इथेच भरतं. क्लेर्मोंला शिकणारी भाची दुभाषी म्हणून सोबत आली. "मावशी, सुट्टीत सुऱ्या बघायला कोण जातं गं?" हे तिने ट्रेनमध्येच विचारून घेतलं.

हॉलमध्ये ही गर्दी! सगळ्यात जास्त झुंबड मॅमथच्या, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्याच्या मुठींपाशी. सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षं पडून मातीतल्या खनिजांनी हे सुळे रंगतात: तपकिरी, शेवाळी, कुठे चक्क निळे. हस्तिदंताच्या व्यापारावर कडक निर्बंध आल्यापासून संग्राहकांचा ओढा इकडे आहे. पात्यांवर दमास्कसची नक्षी. दोन जातींचं पोलाद थरावर थर घडवून आम्लात बुडवलं की थर वेगवेगळे रंग धरतात आणि लाटा उमटतात. देखणंच काम. पण लोक मुठीचा फोटो काढत, किंमत विचारत आणि पुढे सरकत. चाकू उघडून कुणी बघेना. याचा मला खरोखर राग आला.

कोपऱ्यातल्या टेबलावरच्या वयस्क कारागिराने मात्र मिटलेला घडीचा चाकू माझ्या हातात दिला आणि भाचीकरवी सांगितलं, मुठीच्या पाठीवरून नख फिरवा. फिरवलं. मधली स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, कुठेच नख अडकेना. मग पातं उघडून पुन्हा तेच करायला लावलं. तरीही अडकेना! पातं फिरताना स्प्रिंग उचलली जाते आणि परत बसते. उघड्या आणि मिटल्या, दोन्ही स्थितींत ती काठाशी तंतोतंत यायला हवी. त्यासाठी जोडायचं, बघायचं, सुटं करायचं, कानस मारायची, पुन्हा जोडायचं. जरा जास्त घासलं गेलं तर स्प्रिंग वाया. वर तिला पाणी देऊन कडक करायचं, मग थोडं नरमवायचं, तेही बेतानं. कडक राहिली तर मोडते, मऊ पडली तर पातं डुगडुगतं. मिटताना जो ‘टक्’ आवाज आला तो मी त्यांना तीनदा काढायला लावला, आणि त्यांनी आनंदाने काढला.

महाग माल पैसे टाकले की मिळतो. हे बसवणं हाताशिवाय होत नाही. संग्राहक पैसे मोजतात ते याचे असावेत असं मला मनापासून वाटतं.

दुपारी चाकूंच्या संग्रहालयात गेलो. पूर्वी इथले धार लावणारे फळीवर पालथे पडून, खाली फिरणाऱ्या ओल्या दगडावर पाती घासत. पिवळ्या चिखलामुळे त्यांना ‘पिवळ्या पोटाचे’ म्हणत. थंडीत ऊब मिळावी म्हणून पायांवर कुत्रा बसवत. दगड फुटला तर जीवही जाई. भाची इथे पहिल्यांदा गप्प झाली.

मॅमथवाल्या चाकूंची किंमत चार आकडी युरोंत, तो विषयच नव्हता. साध्या लाकडी मुठीचा एक भाचीने मला घेऊन दिला. इथे चाकू फुकट दिला तर मैत्री तुटते म्हणतात, म्हणून ज्याला चाकू मिळतो त्याने देणाऱ्याला नाणं द्यायचं. पर्समध्ये पाच रुपयांचं होतं, ते भाचीला दिलं. दुकानदारीणबाईंनी ते हातात घेऊन निरखून पाहिलं आणि चालेल म्हणाल्या.