६३५ नंबरचं कपाट

मार्चअखेर दरवर्षी माझी नवी पेठेत फेरी असते. मी ग्रंथपाल; वाचनालयाच्या अनुदानाचा हप्ता हातात पडलेला असतो आणि ३१ तारखेच्या आत पुस्तकं घेऊन बिलं फाइलला लावायची असतात. त्यामुळे निवड कमी, घाई जास्त. यंदाही दुकानदार बिल करत होते, पंखा गरम हवा फिरवत होता आणि मी स्टुलावर बसून चहा पीत होतो.

तेवढ्यात आमच्याच वाचनालयाच्या एक सभासद आत आल्या. गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला आहेत. दर शनिवारी देवघेवीच्या खिडकीवर कादंबरी बदलून जातात, एवढीच आमची ओळख. इथे मात्र त्या टेबलाशी पंधरा मिनिटं रेंगाळल्या. हे उचल, ते चाळ. दुकानदारांनी ‘काय पाहिजे?’ म्हणून एकदाही हटकलं नाही. शेवटी कुंडीत भाज्या लावायचं पुस्तक घेऊन त्यांनी पर्स उघडली. अडीचशे रुपये.

“ताई, हे आपल्याकडे आहे की,” माझ्या तोंडून निघून गेलं. दुकानदारांनी मान वर केली. मी चहाच्या कपात बघितलं.

“आहे? मग कधी दिसलं कसं नाही, सर? तुम्ही खिडकीतनं नाव विचारता. नाव ठाऊक असतं तर मागितलं असतं की.”

पुस्तक त्यांनी घेतलंच.

संध्याकाळी मी ६३५चं, म्हणजे बागकामाच्या पुस्तकांचं, कपाट उघडलं. किल्ली शोधण्यातच दहा मिनिटं गेली. पुस्तक होतं. चार वर्षांपूर्वी मीच घेतलेलं, तारीखपट्टी कोरी करकरीत. दुकानातल्या प्रतीवर लालभडक टोमॅटो होते. आमच्या प्रतीचं मुखपृष्ठ बाइंडरने काढून टाकलेलं, वर तपकिरी रेक्झिन, आणि कण्यावरची नंबराची चिठ्ठी बरोबर नावावर चिकटवलेली. नवं पुस्तक आधी बाइंडिंगला, मग कपाटात, हा आमच्याकडचा जुना रिवाज. टिकावं म्हणून. टिकलं होतं खरं!

‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं तिसरं सूत्र, १९३१ सालचं. परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती, वाचकाला स्वतः कपाटातून पुस्तक निवडू देणाऱ्या मुक्तद्वार पद्धतीच्या फायद्यांसकट.

दुसऱ्या दिवशी दारातल्या टेबलावरचे पेपर हलवले आणि वीस पुस्तकं मुखपृष्ठ वर करून मांडली. निम्मी मुद्दाम जुनी काढली. दुकानदाराला खपेल तेच पुढे ठेवावं लागतं, जागेचं भाडं असतं त्याला. छपाई बंद झालेलं पुस्तक वाचनालय नाही मांडणार तर कोण मांडणार? कपाटांची कुलुपंही काढली. अध्यक्ष म्हणाले, “चोरीला गेलं तर दाखल रजिस्टरात काय लिहिणार?” प्रश्न रास्त होता. पाककृतीचं एक पुस्तक आठवड्यात गेलंच, अजून सापडलेलं नाही. पण पहिल्या शनिवारी टेबलावरची सहा पुस्तकं रीतसर नोंदवून गेली, त्यातली चार जुनी.

त्या ताई आल्या तेव्हा पिशवीत स्वतःची प्रत होती. आमचं रेक्झिनवालं पुस्तक त्यांनी उलटसुलट करून बघितलं. “ह्याला कोण हात लावणार, सर? माझ्याची झेरॉक्स काढा.”

समोरच्या दुकानातून रंगीत झेरॉक्स आणली आणि डिंकाने रेक्झिनवर चिकटवली. जरा वाकडी बसलीय. टोमॅटो मात्र दारातून दिसतात.